दुसऱ्याचं बालपण

प्रिय आई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र लगेच उघडणार नाहीस. आधी शिवणाच्या मशीनवर ठेवशील, हात पुसशील, मग भिंग शोधत घरभर फिरशील. म्हणून अक्षर मोठं काढते आहे आणि एका पानावर फार ओळी लिहीत नाही. चोलाला वाचून दाखवायला सांगू नकोस. शेजारीण म्हणून ती लाखात एक आहे, पण तिच्या कानावर पडलं की आसूल गावाला पेपर काढायची गरज राहत नाही. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, फोनवर तुझा आवाज आला की ठेवून दिला. त्या स्टेशनच्या गोष्टीमुळे आपण बोलत नाही आणि त्याच गोष्टीबद्दल आज लिहिते आहे. गेले पंधरा दिवस मी जेवते, कामाला जाते, लोकांशी बोलते, पण मला धक्का बसला आहे आणि तो काही केल्या ओसरत नाही. रस्त्यानं चालता चालता मी मध्येच थांबते आणि लोक मला वळसा घालून जातात.

घटस्फोटानंतर मी डॉ. अल्तुबेंकडे जायला लागले त्याला आता सोळा वर्षं होतील. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांच्या कोचावर पन्नास मिनिटं आडवं पडायचं, छताकडे बघत मनात येईल ते बोलायचं. ते डोक्यामागच्या खुर्चीत असायचे, दिसायचे नाहीत. तू म्हणाली होतीस, “पडायचंच आहे ना, मग इकडे ये. माझ्याकडेही सोफा आहे, आणि उठल्यावर सूप मिळेल.” मी चिडले होते. तुम्हा गावाकडच्यांना काय कळणार, असंही बोलून गेले होते. इथे ब्वेनोस आयरेसमध्ये कुणी म्हणालं की मी मनोविश्लेषकाकडे जात नाही, तर लोक त्याच्याकडे काळजीनं बघतात, आणि फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात सगळे विश्लेषक एकदम समुद्रावर सुटीला गेले की शहर महिनाभर पोरकं होतं. पहिली बारा वर्षं डॉक्टरांनी मला खरंच आधार दिला, ते मी नाकारणार नाही. कुणी ऐकत नव्हतं तेव्हा त्यांनी ऐकलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस पाच-सहा वर्षांचा होईस्तोवर घडून जातो, पुढचं आयुष्य म्हणजे त्याचीच उजळणी. तुझं म्हणणं वेगळं होतं. कापड जसं येतं तसं येतं, शिवणारीनं माप घ्यावं आणि उगाच ताणू नये, असं तू म्हणायचीस. मी ते हसण्यावारी नेलं.

मी कुठेही तासभर आधी जाऊन बसते, ही माझी खोड तुला ठाऊक आहे. तू म्हणायचीस, “अगदी बापावर गेलीस.” बाबांबरोबर कुठल्याही लग्नाला गेलो की चर्चचं दार उघडायच्या आत आपण पायरीवर हजर असायचो. पण डॉक्टरांकडे अशी साधी कारणं चालत नाहीत. साडेतीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी ते मागून म्हणाले, “आईनं तुम्हाला स्टेशनवर सोडलं, तेव्हा संत्रं सोलून कुणी दिलं होतं?” मी विचारलं, “कुठल्या स्टेशनवर?” ते गप्प बसले. आणि आई, या विद्येत डॉक्टर गप्प बसले याचा अर्थ ‘शोध, तुझ्यातच आहे’ असा असतो. मी शोधायला लागले. तीन महिने शोधत होते. मग एकदा स्वप्नात बाक दिसलं, बंद पडलेलं घड्याळ दिसलं. पुढच्या खेपेला ते म्हणाले, “सुटकेस तपकिरी होती, नाही का?” आणि मला ती तपकिरी दिसली. मी पाच वर्षांची, मांडीवर संत्र्याच्या फोडी, आणि तू पाठमोरी चालत जाते आहेस, मागे वळूनही बघत नाहीस. सगळं बरोब्बर बसलं. तासभर आधी का पोचते, नवरा घराबाहेर पडला की छातीत का धडधडायचं, शेवटी तो का गेला, सगळ्याला एकच उत्तर. मी कोचावर ढसाढसा रडले. त्या दिवसापासून मी संत्रं खाल्लं नाही.

त्यानंतर तुला फोन करून काय काय बोलले ते इथे परत लिहीत नाही. मला शब्दन् शब्द पाठ आहे, तुलाही असेल. तू म्हणालीस, “अगं, आपलं घर स्टेशनच्या समोर आहे, सिल्विना. तुला बाकावर सोडलं असतं तरी रस्ता ओलांडून घरी आली असतीस.” शाळेतल्या पोरालाही पटावं असं उत्तर होतं ते. पण मला तोवर शिकवलं होतं की माणूस जितकं ठामपणे नाही म्हणतो तितकं ते खरं असतं. त्याला प्रतिकार म्हणतात. तुझं ते वाक्य मी डॉक्टरांना प्रतिकाराचा नमुना म्हणून सांगितलं. त्यांनी नुसता हुंकार भरला.

आता त्या सोमवारचं सांगते. मार्चचा पहिला सोमवार, सुटी संपलेली. डॉक्टरांच्या घरी येण्याचं दार वेगळं आणि जाण्याचं वेगळं, म्हणजे एका पेशंटला दुसरा दिसू नये. सोळा वर्षांत मी तिथे दुसरा माणूस पाहिला नव्हता. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे तासभर आधी गेले, तर बाहेरच्या खोलीत आधीच एकजण बसलेला. मग आणखी दोघं आली. डॉक्टरांनी चौघांनाही चारची वेळ दिली होती. खुर्च्या दोन, माणसं चार, आणि कुणीही कुणाला काही विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत असणार. एक जाडशा चष्म्याची बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “लक्षात आलं का? ते आपल्याला भावंडं करताहेत. बघू या कोण रुसतं.” आम्ही चाळीस मिनिटं तसेच. मग आतलं दार उघडलं. डॉक्टर सपाता घालून उभे. आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाले, “नळ दुरुस्त करायला एवढी माणसं कशाला?” चष्मेवाल्या बाईनं डोळे मिटले आणि म्हणाली, “किती खोल आहे हे.” तुझ्यापासून काय लपवायचं, मीही मनातल्या मनात शोधायला लागले होते की माझ्यात नक्की काय गळतंय.

तेवढ्यात त्यांची बायको एल्विरा धावत आली. तीसुद्धा विश्लेषक, तिचे पेशंट वरच्या मजल्यावर. तिनं त्यांना खांद्याला धरून आत नेलं, परत आली आणि दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, “घरी जा सगळे. त्यांना काही आठवत नाही. सुटीत समुद्रावर हॉटेलची खोली सापडेना, तेव्हा साध्या डॉक्टरकडे नेलं. मेंदूचा आजार आहे, तीन-चार वर्षं तरी झाली असतील म्हणतात.” चष्मेवाल्या बाईनं विचारलं, “तीन-चार वर्षं? आणि तुम्हाला कळलं नाही?” एल्विरा हसली, आई, आणि ते हसणं मला अजून ऐकू येतं. म्हणाली, “कळणार कसं? कॉफीत मीठ घातलं तेव्हा मी विचारलं, माझ्यावर राग कसला आहे? माझं नाव विसरले तेव्हा मी महिनाभर बोलले नाही. म्हटलं, मनात दुसरी कुणी आहे. या घरात चाळीस वर्षांत कुणी नुसतं विसरलेलंच नाही हो. दरवेळी त्याचा काहीतरी अर्थ काढला.” मग ती जमिनीवरच बसली. तिला पाणी कुणी द्यायचं ते आम्हा चौघांना सुचेना.

आम्ही कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन बसलो. कॉफी आली, मेडियालुनाचे गोड पाव आले, कुणी हात लावेना. जो माझ्याही आधी येऊन बसला होता तो ओस्वाल्दो, टायरचं दुकान आहे त्याचं, गडगडाटी आवाजाचा माणूस. त्यानं अचानक विचारलं, “माफ करा, पण तुमच्यापैकी कुणाची आई लग्नाचे पोशाख शिवायची का?” मी हात वर केला, शाळेत करतात तसा. तो म्हणाला, “आणि तोंडात टाचण्या धरून बोलायची?” मी मान हलवली. तो कपाळावर हात मारून म्हणाला, “बाई, तीन वर्षं तुमच्या आईनं मला छळलंय. डॉक्टर म्हणायचे, आई तोंडात टाचण्या धरून बोलायची म्हणून तुम्हाला बायकांच्या बोलण्याची धास्ती. माझी आई? तिचं खाटकाचं दुकान होतं. तिच्या हातात सुई नाही, सुरा असायचा.” मी विचारलं, “मग तुम्ही सांगितलं नाहीत?” तो खाली बघत म्हणाला, “पहिल्यांदा सांगितलं. ते गप्प बसले. मग मलाच आठवलं, एकदा तिनं माझ्या सदऱ्याचं बटण लावलं होतं, आणि दोरा दातानं तोडला होता. म्हटलं, हेच असणार. त्या वेळी माझं लग्न ठरत होतं. ती मुलगी पडदे शिवायची. लग्न मोडलं.”

मी विचारायला नको म्हणत होते, पण विचारलं. तुमच्या लहानपणी एखादं स्टेशन होतं का? त्याचा चेहरा एकदम उजळला. “प्रिंगलेसचं! मी पाच वर्षांचा. आईला दाढ काढायची होती. तिनं मला बाकावर बसवलं, तपकिरी सुटकेस शेजारी ठेवली, संत्रं सोलून हातात दिलं आणि गेली. तासाभरात गाल सुजवून परत आली. तोवर स्टेशनमास्तरनं मला घंटा वाजवू दिली, दोनदा. घड्याळ बंद होतं, म्हणून गाडी माझ्या घंटेवर सुटली असं तो म्हणाला. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस, बाई. डॉक्टरांना मी तो त्यासाठीच सांगितला होता.” आई, मी उठून कॅफेच्या बाहेर गेले आणि झाडाला धरून उभी राहिले. ते बाक, ते घड्याळ, ते संत्रं. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो हसत सांगत होता, आणि जिच्या बाबतीत घडलं नाही ती मी त्यापायी तीन वर्षं आईचं तोंड पाहत नव्हते.

माझं काम तुला माहीत आहे. शहराच्या पाण्याचे नमुने येतात, मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते, एकाचं पाणी दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून तीनदा तपासते. बाटल्या चुकून बदलल्या तर निकाल चुकतो आणि म्हणूनच चूक सापडते. इथे दोन माणसांची बालपणं बदलली गेली आणि दोघांचेही निकाल बरोबर आले. त्याला माझी आई लागू पडली, मला त्याचं स्टेशन लागू पडलं. कुठलंही पाणी घातलं तरी एकच रंग येत असेल तर ती तपासणी आम्ही मोरीत ओततो. हे मला कळत होतं, हाच माझा धंदा आहे, आणि तरी सोळा वर्षांत एकदाही मला हे विचारावंसं वाटलं नाही. डॉक्टरांवर रागवू तर कशी? ते आजारी होते. आम्ही चौघं ठणठणीत होतो आणि आमच्यापैकी एकानंही म्हटलं नाही की म्हातारबुवा विसरले असतील. लहानपणाचं माणसात काहीच राहत नाही, असं मी म्हणत नाही. काय राहतं ते इतक्या खात्रीनं सांगणाऱ्यावर माझा आता विश्वास उरला नाही.

पण मला खरा हादरा बसला तो त्या दिवशी घरी आल्यावर. पर्समध्ये तुझं पत्र होतं, मागच्या मे महिन्यातलं. दहा महिने मी ते बरोबर बाळगत होते, पुरावा म्हणून. आता परत उघडलं. ‘सिल्विना, तुझं खरं आहे. मी तुला स्टेशनवर सोडलं होतं. थंडी होती. संत्रं सोलून दिलं आणि गेले. का गेले ते सांगता येत नाही. मला माफ कर आणि नाताळला ये.’ हे पत्र आलं तेव्हा मी ते कोचावर पडून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. जिंकल्यासारखं. नाही म्हणालीस तेव्हा तो प्रतिकार होता, हो म्हणालीस तेव्हा पुरावा झाला, तुला सुटायला मी जागाच ठेवली नव्हती. आणि एवढं करूनही नाताळला आले नाही. पचवायला वेळ हवा, असा तोंडी निरोप पाठवला. आता माझ्यासमोर तुझ्या हातचा कागद होता आणि त्यावर जे घडलंच नाही त्याची कबुली होती.

तुला फोन करायचा धीर झाला नाही, म्हणून चोलाला केला. तिनं आधी मला यथेच्छ झापलं. मग म्हणाली, “तो कागद घेऊन तुझी आई, नेलिदा, माझ्याचकडे आली होती. मी म्हटलं, बये, जे केलंच नाहीस ते लिहितेस कशाला? तर म्हणते, काय फरक पडतो गं, केलं म्हटलं की येईल ती. आणि वर मलाच विचारते, संत्रं मोठं होतं म्हणू की लहान?” पुढे चोलानं तुझ्या मोतीबिंदूचं सांगितलं, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून वर्षभर मशीन बंद आहे. मग जरा नरमली आणि म्हणाली, “भांडणानंतर रेतिरोला भेटलात तेव्हाच मिटवायचं होतंत. किती खुशीत परत आली होती ती. म्हणाली, पोरगी धावत आली घ्यायला, दोघींनी मिळून मुरंब्याची अख्खी पास्ताफ्रोला खाऊन संपवली.”

रेतिरोच्या बस टर्मिनलवर मी आले नव्हते, आई. हे आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. मी फोन ठेवायच्या आत तू एका दमात सांगितलं होतंस, “अकराच्या बसनं येते, मला त्या शहरात काही कळत नाही, तू फक्त न्यायला ये.” मी त्या सकाळी कोचावर पडून विचारलं, जाऊ का? मागून उत्तर आलं नाही. पन्नास मिनिटं उत्तर आलं नाही, नुसता संथ श्वास ऐकू येत होता, आणि मी समजले की जाऊ नको. आता मला कळतंय की ते झोपले होते. एका झोपलेल्या म्हाताऱ्याचा सल्ला ऐकून मी तुला टर्मिनलवर बसवून ठेवलं, मांडीवर मुरंब्याच्या पास्ताफ्रोलाचा डबा, अकरापासून परतीच्या साडेतीनच्या बसपर्यंत. आणि तू गावात जाऊन सांगितलंस की पोरगी धावत आली. ती पास्ताफ्रोला तू काय केलीस, आई? बसमध्ये वाटलीस, की घराजवळ येईपर्यंत एकटीनं खाल्लीस, डबा रिकामा दिसावा म्हणून? आपल्या घरात स्टेशनवर कुणाला सोडून जाणारं एकच माणूस निघालं, आणि ते मी आहे.

म्हणून हे पत्र. तुझा तो कबुलीचा कागद सोबत परत पाठवते आहे, तो तुझ्या हातानं फाड. माफी मागणार नाही, पत्रात मागून ती पोचत नाही. शनिवारी सकाळी अकराच्या गाडीनं आसूलला उतरते आहे. सरळ घरी येणार नाही. तुझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहीन. तुला आता एवढ्या लांबचं दिसत नाही हे चोलानं सांगितलं, म्हणून तू शिवलेला लाल कोट घालून येते आहे, लाल रंग तरी कळेल. बाजारात नवी संत्री आली आहेत, चार घेतली आहेत. तुला वाटलं तर रस्ता ओलांडून ये. वाटलं नाही तर येऊ नकोस, पडदा लावून घे, मला समजेल. पण लवकर ठरवायची घाई करू नकोस. साडेतीनपर्यंत मी कुठेही जात नाही.

तुझीच, बापावर गेलेली,
सिल्विना